मंत्र्याला सवलत, सामान्याला बूम

मंत्र्यांची मुलाखत ठरली की त्यांच्या कार्यालयातून फोन येतो. विषय कोणते, वेळ किती, 'ते' प्रकरण निघणार नाही ना, अशी सगळी चौकशी होते. जनसंपर्क अधिकारी प्रश्न लेखी मागवतो आणि बऱ्याचदा ते मुकाट्याने पाठवलेही जातात. मुलाखत संपल्यावर 'साहेबांचं ते एक वाक्य जरा बघून घ्या' असा निरोप येतो. तोही बघून घेतला जातो. त्याच दिवशी त्याच वाहिनीचा दुसरा बातमीदार शवागाराबाहेर उभा असतो. दारातून एक बाई बाहेर येते. तिचा मुलगा दोन तासांपूर्वी गेलेला असतो. तिला कुणी विषय कळवलेला नसतो, वेळ मागितलेली नसते, ती नाही म्हणू शकते हेही सांगितलेलं नसतं. तोंडासमोर चार बूम, म्हणजे वाहिन्यांचे माइक, येतात आणि प्रश्न येतो, 'आत्ता तुम्हाला काय वाटतंय?'

पत्रकारितेच्या नीतीचा विषय निघाला की चर्चा निःपक्षपात, मालकांचा दबाव, विकाऊ माध्यमं या वळणाने जाते. ते सगळं आहेच. पण मला वाटतं, रोजचं दुखणं त्याहून साधं आहे आणि हातात येण्याजोगं आहे. सांभाळून घ्यायचं कुणाला आणि धारेवर धरायचं कुणाला, हेच आपण उलटं करून ठेवलं आहे. माध्यमं कशी चालतात हे ज्याला तोंडपाठ आहे, ज्याच्या दिमतीला माणसं आहेत, त्याच्याशी सगळा शिष्टाचार. ज्याच्यावर कॅमेरा आयुष्यात पहिल्यांदाच रोखला गेलाय, त्याच्याशी कसलाच नाही. आचारसंहिता कागदावर सर्वांना एकच असते. माझं म्हणणं असं, की ती एकसारखी असताच कामा नये. सत्तेशी बोलताना ती कडक हवी आणि नवख्या माणसाशी बोलताना मऊ.

आधी सत्तेचं बघू. २०१२ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा प्रचार रंगात होता. तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'नेच एक बातमी दिली, की दोन्ही पक्षांच्या प्रचारयंत्रणा मुलाखतीतली अवतरणं छापण्याआधी आपल्याकडे मागवतात, नको ते शब्द गाळतात, आणि मोठमोठी वृत्तसंस्था-वृत्तपत्रं ही अट मान्य करतात. 'टाइम्स' स्वतःही त्यातच होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्या वृत्तपत्राने आपल्या बातमीदारांना ही पद्धत बंद करायला लावली. इतकं प्रतिष्ठित वृत्तपत्र इतकी वर्षं हे चालवून घेतं, यातच सगळं आलं. अवतरणचिन्हांत जे छापलंय ते माणूस बोलला, असं वाचक धरून चालतो. प्रत्यक्षात ते त्याच्या कार्यालयाने लिहिलेलं असेल, तर ती जाहिरात झाली, आणि तीही फुकट.

'ऑफ द रेकॉर्ड'चं, म्हणजे न छापण्याच्या अटीवर बोलण्याचंही तेच. हा करार बोलण्याआधी व्हायचा असतो आणि तो दोघांना मान्य असावा लागतो. सगळं बोलून झाल्यावर 'हे छापू नका हं' म्हणणं ही विनंती झाली, करार नव्हे. मुरलेल्या राजकारण्याला हा फरक ठाऊक असतो, आणि तरी तो विनंती करून बघतो, कारण ती मान्य होईल याची त्याला खात्री असते. उद्या परत त्याच्याच दारात जायचं आहे, हे बातमीदारालाही ठाऊक असतं.

या बाबतीत ब्रिटिश मुलाखतकार डेव्हिड फ्रॉस्ट यांनी १९७७ साली घेतलेल्या अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या मुलाखती मला फार बोलक्या वाटतात. फ्रॉस्ट यांनी निक्सनना सहा लाख डॉलर दिले, वर नफ्यात वाटा कबूल केला. मुलाखतीसाठी पैसे मोजणं वाईटच. मोठ्या अमेरिकन वाहिन्यांनी त्या मुलाखतींपासून अंग काढून घेतलं आणि फ्रॉस्टना त्या स्वतःच ठिकठिकाणच्या केंद्रांना विकाव्या लागल्या. पण एक गोष्ट त्यांनी विकली नव्हती. काय विचारायचं आणि काय ठेवायचं, यावर निक्सन यांचा कसलाही अधिकार नव्हता. म्हणूनच 'राष्ट्राध्यक्ष एखादी गोष्ट करतो, तेव्हा ती बेकायदेशीर नसते' या अर्थाचं ते कुप्रसिद्ध वाक्य जगाला ऐकता आलं. पैसे देणं मी चूकच म्हणेन. तरी एक पैसाही न देता प्रश्नच सत्तेच्या हवाली करणाऱ्या आजच्या कित्येक मुलाखतींपेक्षा मला तो सौदा कमी लाजिरवाणा वाटतो.

आता दुसरी बाजू. २७ जुलै १९९६. अटलांटात ऑलिम्पिक चालू होतं. सेंटेनियल ऑलिम्पिक पार्कमध्ये रिचर्ड ज्युएल या सुरक्षारक्षकाला एका बाकाखाली बेवारस पिशवी दिसली. त्याने पोलिसांना सांगितलं, लोकांना मागे हटवायला मदत केली. स्फोट झाला, त्यात एक स्त्री गेली, शंभरावर माणसं जखमी झाली. ज्युएल नसता तर आकडा किती वाढला असता, कल्पना करवत नाही. दोन-तीन दिवस तो नायक होता. मग तिथल्या वृत्तपत्राने छापलं, की तपासयंत्रणा या नायकाकडेच संशयित म्हणून बघते आहे. झालं. तो आईबरोबर राहत होता त्या घरासमोर कॅमेऱ्यांनी तळ ठोकला. त्याचं वजन, त्याचं आईबरोबर राहणं, पोलीस व्हायची त्याची हौस, सगळं पुराव्यासारखं मांडलं गेलं. तपासयंत्रणेने त्याला 'प्रशिक्षणासाठी व्हिडिओ बनवतोय' अशी थाप मारून बोलतं करायचा प्रयत्नही केला होता. ऑक्टोबरअखेरीस सरकारी वकिलाने लेखी कळवलं, की तो आता संशयित नाही. खरा गुन्हेगार एरिक रुडॉल्फ याने गुन्हा कबूल केला तो थेट २००५ साली.

यातली मेख पुढे आहे. काही वाहिन्यांनी ज्युएलशी पैसे देऊन तडजोड केली, पण ज्या वृत्तपत्राने बातमी फोडली त्याने केली नाही. ज्युएल वारल्यावरही खटला चालला आणि अखेर वृत्तपत्र जिंकलं, कारण छापलं तेव्हा बातमी खरी होती. तपासयंत्रणेला त्याचा संशय होताच! म्हणजे 'आम्ही खरं तेच छापलं' हा बचाव कायद्यात पुरेसा ठरला. नीतीत तो पुरत नाही, असं माझं मत आहे. या बातमीत नाव न सांगता बोलण्याची सोय कुणाला मिळाली बघा. ज्यांच्या हातात अटकेचा अधिकार, त्यांना. आणि नाव, फोटो, घराचा दरवाजा कुणाचा दिसला? ज्याच्यावर आरोपपत्रही नव्हतं त्याचा. मी संपादक असतो तर सरळ नियम केला असता: संशयिताचं नाव छापायचं असेल, तर संशय घेणाऱ्या अधिकाऱ्यानेही स्वतःच्या नावानिशी बोलायचं. 'सूत्रांनी सांगितलं' या पडद्याआड बसून त्याला दुसऱ्याचं नाव उघडं करता येणार नाही. बहुतेक अधिकारी गप्प बसतील. बसू देत.

नवख्या माणसाशी मऊ वागायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मुरलेले बातमीदार हे बोलून दाखवत नाहीत, पण त्यांना मैदानात बघितलं की कळतं. ते बूम खाली धरतात, शक्यतो गाडीतच ठेवतात. घरच्यांपैकी जो जरा सावरलेला दिसतो त्याला आधी बाजूला घेतात आणि विचारतात, 'बोलतील का? आत्ता नको असेल तर तसं सांगा.' आपण कोण, कुठून आलो, हे कुठे आणि कधी दिसणार, नाव-चेहरा लपवता येईल, मधेच थांबता येईल, एवढं साध्या शब्दांत सांगतात. मग ते 'काय वाटतंय' विचारत नाहीत. मुलगा काय करायचा, सकाळी घरातून किती वाजता निघाला, हॉस्पिटलमधून पहिला फोन कुणाला आला, असं विचारतात. दुःखाचा प्रश्न न विचारताही दुःख कळतं आणि वर बातमी मिळते. त्या फोनच्या वेळेतच अनेकदा कुणाची तरी हयगय सापडते. 'काय वाटतंय' या प्रश्नाला आजवर रडण्याखेरीज उत्तर मिळालेलं नाही. विचारणाऱ्यालाही तेच हवं असतं, हे आता मान्य करून टाकावं.

इथे मी अशी एक गोष्ट सुचवतोय जी मंत्र्याला नाकारली. नवख्या माणसाला त्याचं अवतरण छापण्याआधी वाचून दाखवावं. वाटलं तर त्याला ते मागे घेऊ द्यावं, छापेपर्यंत कधीही. हे परस्परविरोधी दिसतं, आणि मी ते जाणूनबुजून मांडतोय. मंत्री शब्द मागे घेतो तेव्हा जनता एका माहितीला मुकते. पुरात घर गेलेला माणूस सरपंचाविरुद्ध रागात बोलून गेलेलं वाक्य मागे घेतो, तेव्हा तो उद्या त्याच गावात राहायचं आहे याचा हिशेब करत असतो. त्या वाक्याची किंमत तो मोजणार आहे, आपण नाही. बातमीला दुसरा साक्षीदार मिळू शकतो. त्याला दुसरं गाव मिळत नाही.

पण मऊ वागणं म्हणजे ऐकलेलं सगळं तसंच्या तसं छापणं नव्हे. नेमकी इथेच 'रोलिंग स्टोन' या मासिकाने २०१४च्या नोव्हेंबरमध्ये ठेच खाल्ली. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीने आपल्यावर सामूहिक बलात्कार झाल्याचं सांगितलं आणि मासिकाने ती कहाणी मोठ्या लेखात छापली. तिला आणखी त्रास नको, या भावनेने लेखिकेने बऱ्याच गोष्टी सोडून दिल्या. त्या रात्री त्या विद्यार्थिनीला भेटलेल्या तिच्या तीन मित्रमैत्रिणींशी लेखिका बोललीच नाही. ज्या फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या, घरात हे घडल्याचं लिहिलं, तिला 'आरोपांबद्दल काय म्हणायचंय' एवढंच विचारलं. तारीख, प्रसंग, तपशील काही दिलं नाही, त्यामुळे खोडून काढायचं तरी काय हेच तिला कळायला मार्ग नव्हता. पुढे पोलिसांना त्या कहाणीला पुष्टी देणारा पुरावा सापडला नाही. मासिकाने कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाकडून तपासणी करवून घेतली, आणि एप्रिल २०१५मध्ये तो कठोर अहवाल आल्यावर लेख मागे घेतला.

त्या अहवालातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग असा, की तपासण्याच्या साध्यासुध्या पायऱ्या चढल्या असत्या तर बहुधा त्या मुलीचाही तमाशा टळला असता. तीन फोन केले असते तर लेख छापला गेला नसता, किंवा दुसऱ्याच एखाद्या भक्कम प्रकरणावर उभा राहिला असता. न तपासणं ही त्या मुलीवर केलेली मेहेरबानी नव्हती. आणि त्याचा भुर्दंड नंतर खऱ्या तक्रारी घेऊन येणाऱ्या कितीतरी मुलींना बसला असेल. तेव्हा विचारण्याची रीत मऊ आणि तपासण्याची कडक, या दोन गोष्टी एकाच बातमीदाराला एकाच वेळी करता आल्या पाहिजेत. 'तुमच्यावर माझा विश्वास नाही असं नाही, पण जे विरोधात बोलतील त्यांना आधी मीच भेटून येतो' हे वाक्य पीडित व्यक्तीला समजतं. ते म्हणायला बातमीदारालाच अवघड जातं.

फसवून घेतलेल्या संमतीचं काय? मार्टिन बशीर यांनी १९९५ साली बीबीसीच्या 'पॅनोरमा' या कार्यक्रमासाठी घेतलेली राजकुमारी डायना यांची मुलाखत गाजली, पुरस्कार मिळवून गेली. तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी बशीर यांनी एका ग्राफिक डिझायनरकडून बँकेची खोटी खातेपत्रकं बनवून घेतली होती आणि ती डायना यांच्या भावाला दाखवून त्याचा विश्वास मिळवला होता. १९९६मध्ये बीबीसीने अंतर्गत चौकशी केली आणि बशीर यांना प्रामाणिक ठरवलं. डायना यांनी 'मला पश्चात्ताप नाही' असं लिहून दिल्याचाही आधार घेतला गेला. निवृत्त न्यायाधीश लॉर्ड डायसन यांच्या चौकशीत सगळं बाहेर आलं ते मे २०२१मध्ये, पंचवीस वर्षांनी. डायना काही दुबळ्या नव्हत्या, आणि कदाचित त्या तशाही बोलल्या असत्या. पण ज्या विश्वासापोटी माणूस बोलायला तयार झाला तो विश्वासच बनावट कागदांवर उभा होता, तर नंतरच्या 'पश्चात्ताप नाही'ला काय अर्थ उरतो? मला मात्र त्या प्रकरणातलं जास्त खुपतं ते हे: तो डिझायनर स्वतःहून वरिष्ठांकडे गेला होता, की या कागदांत काहीतरी गडबड वाटते. त्याचं बीबीसीतलं काम बंद झालं. नामवंत मुलाखतकार पुढची वीस-पंचवीस वर्षं मानाने वावरला. न्यूजरूमच्या आतही सवलती अशाच वाटल्या जातात.

संपादनाचा मुद्दा थोडक्यात. बोललेल्या भाषेतले अडखळे काढणं, 'म्हणजे… काय… ते' गाळणं यात वावगं काही नाही. अर्थ हलता कामा नये, बस. तो हलला तर काय होतं, हे त्याच 'पॅनोरमा'ने पुन्हा दाखवलं. डोनाल्ड ट्रम्प यांच्या ६ जानेवारी २०२१च्या भाषणातली, जवळपास तासाभराच्या अंतराने बोललेली वाक्यं २०२४च्या एका कार्यक्रमात जोडून दाखवली गेली. ते उघडकीला आल्यावर नोव्हेंबर २०२५मध्ये बीबीसीच्या महासंचालकांसह वृत्तविभागाच्या प्रमुखांनीही राजीनामे दिले, संस्थेने माफी मागितली. व्हायला हवं होतं तेच झालं. फक्त एक विचार करून बघा. पंधरा मिनिटं बोललेल्या एखाद्या शेतमजुराच्या बाइटमधली, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या बोलण्यातली, नेमकी उलट अर्थाची आठ सेकंदं उचलून दाखवली, तर कुणाचा राजीनामा येतो? तो तक्रार कुठे करणार, मूळ चित्रण कुणाकडे मागणार? त्यामुळे कच्चं चित्रण ठरावीक मुदत जपून ठेवणं, आणि मुलाखत दिलेल्याने मागितलं तर त्याला दाखवणं, हा नियम मला प्रत्येक संस्थेत हवासा वाटतो. खर्च फारसा नाही, अडचण तर त्याहून कमी.

'प्रतिक्रिया मिळू शकली नाही' या वाक्याबद्दल एक शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. वृत्तपत्राच्या डेस्कवर काम केलेला प्रत्येक जण हे जाणतो, की बातमी दुपारी तयार असते, आरोप झालेल्याला फोन संध्याकाळी साडेसहाला जातो, दोन रिंग वाजतात, आणि सात वाजता पान छपाईला सुटतं. बड्या उद्योगसमूहाविरुद्ध बातमी असेल तर मात्र तीन दिवस आधी प्रश्नांची सविस्तर यादी ईमेलने जाते, कारण नोटीस येण्याची भीती असते. भीती हे नीतीचं वाईट कारण आहे, पण परिणाम चांगला आहे. मग तेच तीन दिवस अंगणवाडी सेविकेला, तलाठ्याला, छोट्या दवाखान्याच्या डॉक्टरलाही का नाहीत? इथे मी ना मऊ म्हणतो ना कडक. उत्तर देण्याची संधी सगळ्यांना सारखीच मिळायला हवी, आणि आरोप नेमका काय आहे हे सांगूनच.

आता आक्षेप. बलवान कोण आणि दुबळा कोण, हे ठरवायचं कुणी? गावात दरारा असलेला माणूस राष्ट्रीय वाहिनीच्या कॅमेऱ्यासमोर थरथरतो. समाजमाध्यमांवर एका व्हिडिओने रातोरात प्रसिद्ध झालेली मुलगी बलवान की दुबळी? आक्षेप खरा आहे. म्हणून मी माणसापेक्षा विषयाकडे बघा म्हणतो. प्रश्न त्याच्या पदाबद्दल, अधिकाराबद्दल, दुसऱ्यांच्या पैशाबद्दल किंवा जिवाबद्दल असेल, तर कडक. प्रश्न त्याच्या घराबद्दल, शोकाबद्दल, शरीराबद्दल असेल, तर मऊ. मंत्र्याचं मूल दगावलं, तर या कसोटीने मंत्रीही मऊ बाजूला येतो, आणि यावं. रुग्णांना खोटी औषधं विकणारा छोटा दुकानदार याच कसोटीने कडक बाजूला जातो, मग तो कितीही गरीब असो. काठावरची प्रकरणं राहतीलच. ती सोडवायला संपादकाला पगार मिळतो.

स्पर्धेचा आक्षेप मला कमी वजनाचा वाटतो. 'आम्ही नाही घेतला तर दुसरा बाइट घेईल' हे खरंच आहे. पण एकसारख्या रडणाऱ्या चेहऱ्यांचे बाइट दाखवून कुठल्या वाहिनीने दुसरीवर कायमची मात केलीय, ते कुणी दाखवावं.

राहतो तो जुन्या बातम्यांचा प्रश्न, आणि याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडे नाही. पूर्वी बातमी रद्दीत जायची. आता ती नाव टाइप करताच वर येते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने मे २०१४मध्ये गूगलविरुद्धच्या प्रकरणात माणसाला आपल्या नावावरच्या कालबाह्य शोधनिकालांतून सुटका मागायचा हक्क दिला. 'बोस्टन ग्लोब' या अमेरिकी वृत्तपत्राने २०२१मध्ये 'फ्रेश स्टार्ट' नावाने स्वतःहून अशी सोय सुरू केली. जुन्या किरकोळ गुन्ह्याच्या बातमीतलं नाव झाकावं का, याचा विचार तिथे अर्जावरून होतो. इतिहास खोडला जाईल, ही भीती पत्रकारांना वाटते आणि ती अगदीच पोकळ नाही. तरी माझा कल अशा सोयीकडे आहे, सवलत योग्य हातात पडेल या अटीवर. माजी मंत्र्याच्या वकिलाकडून अर्ज आला, तर तो फेटाळायला दोन मिनिटं पुरावीत. विशीत दुकानातून काहीतरी उचलताना पकडली गेलेली आणि आता चाळिशीत नोकरी शोधणारी बाई अर्ज करेल, तर तो एका पानात मावावा, तिला समजेल अशा भाषेत असावा, आणि त्यासाठी तिला वकील गाठावा लागू नये.